दोन डोळे, एक चित्र



काही वर्षांपूर्वीची शुक्रवारची रात्र. किद्दुशचे शरबत ओतताना आमच्या ह्यांच्या हातून ते पेल्याबाहेर सांडले. मग म्हणाले, "अगं, मेणबत्त्या दोनच लावल्यास ना? मला चार दिसतात." मी म्हटले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." जन्मभर नर्सची नोकरी केलेली मी, आणि सकाळपर्यंत थांबले! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, मेंदूला छोटा स्ट्रोक झाला आहे.

म्हणून आज हे लिहिते. आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, पण डोळे फक्त माल आणून देतात. चित्र तयार होते मेंदूत, डोक्याच्या मागच्या भागात. रंग, आकार, हालचाल यांची कामे मेंदूचे वेगवेगळे भाग करतात आणि आपल्याला मात्र सगळे मिळून एकच दिसते.

घरी एक गंमत करून पाहा. एक बोट नाकासमोर धरा. आधी उजवा डोळा मिटा, मग तो उघडून डावा मिटा. बोट जागचे हलल्यासारखे वाटेल. कारण दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरचे अंतर आहे, म्हणून दोघांचे चित्र थोडे वेगळे असते. मेंदू ती दोन्ही चित्रे जुळवतो आणि त्या फरकावरूनच वस्तू किती दूर आहे ते ओळखतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे कळेल! एका डोळ्याला मोतीबिंदू असेल तरी असाच अंदाज चुकतो. अशा वेळी जिना उतरताना कठडा धरावा आणि चहा ओतताना किटलीचे तोंड कपाला टेकवावे.

चित्रे जुळायला दोन्ही डोळे एकाच जागी रोखलेले हवेत. डोळे फिरवणाऱ्या स्नायूंना हुकूम मेंदूकडूनच जातो. तिथला रक्तपुरवठा अडला की एक डोळा जरा सरकतो, चित्रे जुळत नाहीत आणि दोनाच्या चार मेणबत्त्या होतात.

एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या तर एकेक डोळा झाकून पाहा. कोणताही एक डोळा झाकल्यावर एकच दिसले, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन दिसत असेल, तर दोष बहुधा त्या डोळ्यातच असतो. पण हे अचानक सुरू झाले असेल, किंवा एका बाजूचे दिसेनासे झाले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला, तोल गेला, तर तपासत बसू नका. लगेच रुग्णवाहिकेसाठी फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्रास किती वाजता सुरू झाला तेही लिहून ठेवा.

शब्बाथ आहे म्हणून थांबू नका. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची आपल्या धर्मात आज्ञाच आहे.

आमचे हे बरे झाले, पण हातात काठी आली ती आलीच. त्या रात्रीच नेले असते तर ती लागली नसती का, हे कोणी सांगू शकत नाही. तुमच्यावर असा विचार करत बसायची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा.