बद्द वाजण्याचे पैसे

तुळशीबागेत पितळेचं पातेलं घ्यायचं म्हटलं की आई ते पंजावर उलटं तोलून धरायची आणि काठाशी टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर पुढची बोलणी. बद्द वाजलं की परत फळीवर. मग दुकानदार भाव कितीही उतरवो. कुठेतरी चीर असणार, हा निकाल पक्का.

तुळशीबागेच्याच बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात, जूनमधल्या वह्या-पुस्तकांच्या गर्दीत दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. गाड्या घटकाभर थांबतात, माणसं उतरतात, दारं लागतात. एक ‘खळ्ळ’, एक ‘ठण्ण’, मधूनच एखादं ‘धप्प’. आईचा न्याय इथे उलटा लागतो: खणखणेल ती गाडी स्वस्तातली, बद्द वाजेल ती भारी.

दाराचा बाहेरचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. मोठा, ताणलेला, कडांनी धरलेला. म्हणजे ताशाच की तो! आदळला की वाजणारच. त्याला गप्प करायला आतून डांबरी शीट चिकटवतात. पखवाजाच्या धुमेवर कणीक थापतात, त्याच्या जवळची ही गोष्ट. फरक एवढाच, की कणीक मुख्यतः वजनाने स्वर खाली आणते आणि डांबर पत्र्याची थरथर स्वतःत जिरवून तिची उष्णता करून टाकतं. सगळा पत्रा मढवायचीही गरज नसते. जिथे तो जास्त थरथरतो त्या मधल्या भागावर तुकडा पुरतो. हँडलच्या खाली बोटाच्या पेराने ठोकत ठोकत गेलात तर शीट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते डोळे मिटूनही सांगता येतं.

मला हे कळलं ते नुकसान झाल्यावर. एका बोळात खांबाला घासून माझ्या गाडीचं मागचं दार चेपलं. गॅरेजमध्ये पत्रा ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, रंग असा जुळवला की शोधून सापडू नये. पण घरी येऊन दार लावलं, तर डबा पडल्यासारखा आवाज. आतलं पॅड काढून पाहिलं. जुनी शीट खरवडून टाकलेली, नवी लावलेलीच नव्हती. डोळ्याला फसवणारं काम कानाने पकडलं.

शीट हा झाला निम्मा कारभार. उरलेला लॉकमध्ये. दाराच्या चौकटीच्या खांबावर एक लोखंडी कडी असते. दार आलं की लॉकमधला आकडा गर्रकन फिरून तिला कवेत घेतो, आणि हे दोन टप्प्यांत होतं. पहिल्याच टप्प्यावर अडकलं की आपण म्हणतो, ‘दार अर्धवट लागलंय.’ लोखंडावर लोखंड आपटलं तर चर्र होणार, म्हणून आकड्यावर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं. दाराभोवतीचं पोकळ रबर शेवटचा धक्का पोटात घेतं. रबर वाळून कडक झालं की जुन्या गाडीचा आवाज बिघडतो, तो असा. शिवाय काच पूर्ण उतरवलेली असेल तर ती आतल्या आत लटपटते.

आणि हवा. दार लागताना आतली हवा कोंडते, तिला बाहेर पडायला वाट हवी असते. मागच्या बंपरआड त्यासाठी छोटी झापडं ठेवलेली असतात. फोक्सवॅगनची जुनी बीटल तर इतकी घट्ट, की दार नीट लागायला एक काच थोडी उघडावी लागते अशी तिची ख्याती.

हा सगळा आता मोजमापाचा विषय आहे. आवाज किती मोठा ते ‘सोन’मध्ये मोजतात, किती टोचरा ते ‘अ‍ॅकम’मध्ये. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या १९६६ सालच्या वाहन-संशोधन संस्थेतही गाड्यांचा आवाज आणि कंपनं तपासली जातात. कंपन्या दाराच्या धप्पवर मेहनत घेतात, कारण शोरूममध्ये गिऱ्हाईक इंजिन सुरू करण्याआधी दार लावून बघतं.

मात्र धप्प म्हणजे मजबूत, हे खरं नाही. बाजूने धडक बसली तर कामी येते ती दाराच्या आत आडवी बसवलेली पोलादी तुळई आणि गाडीचा सांगाडा; डांबराचा त्यात काडीचा वाटा नाही. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या धडक-चाचणीत बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाने अडथळा आदळवून बघतात. तारे मिळतात त्याचे.

नवी गाडी बघायला आईला घेऊन गेलो होतो. विक्रेत्याने मोठ्या ऐटीत दार उघडलं आणि हलकेच लोटलं. धप्प. मग तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला. आई पुढे झाली, दाराच्या मधोमध टिचकी मारली, कान लावला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “बद्द वाजतंय रे.”