कारखाना कुणाचा, कोयता कुणाचा?

भांडवलशाही सुधारावी की मुळातून बदलावी, हा वाद आपल्याकडे बहुधा मार्क्स आणि केन्स यांची नावे घेऊन घातला जातो. 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडली, 1991 मध्ये आपण आर्थिक धोरणाची दिशा बदलली आणि वाद संपला, असे अनेकांनी जाहीर करून टाकले. मला मात्र वाटते, या प्रश्नाची एक मोठी परीक्षा महाराष्ट्राने स्वत:च्याच उसाच्या फडात घेतली आहे. तिचा निकाल वाचायची आपली तयारी नाही, एवढेच.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडचे साखर कारखाने प्रामुख्याने खासगी होते. अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने कंपन्यांकडे गेल्या होत्या. 1950 मध्ये नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला आणि मालकच बदलला. ऊस पिकवणारा तोच भागधारक; भाग कितीही असोत, मत एकच. नफ्यातून भागात शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. भांडवलशाही नुसती सुधारण्याची ही गोष्ट नव्हती. निदान गावापुरता तो पर्यायच होता.

पण पर्याय कुणासाठी? दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डीकडची कुटुंबे बिऱ्हाड घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, ती हंगामभर फेडायची आणि एक दिवस खाडा झाला तर दंड भरायचा. घर म्हणजे पाचटाची कोपी. हा मजूर ना कारखान्याचा सभासद, ना त्याच्या हजेरीपटावरचा कामगार. करार मुकादमाशी, मुकादमाचा कारखान्याशी किंवा वाहतूक ठेकेदाराशी.

यातली खरी मेख हिशेबात आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो. त्यामुळे मजुराने दर वाढवून मागितला, की तो शेतकऱ्याला आपल्या खिशावरचा घाला वाटतो. मालक बदलला, पण स्वस्त मजुरीची गरज तशीच राहिली. फक्त ती शेटजीकडून शेतकऱ्याकडे आली.

पुढे बरेच सहकारी कारखाने कर्जात बुडाले, काही लिलावात गेले. आज राज्यात गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी जवळपास निम्मे खासगी आहेत. कोयत्याला या उलथापालथीचे फारसे काहीच कळले नाही. त्याची उचल आणि त्याचा खाडा दोन्हीकडे सारखाच. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली, शासनाने समिती नेमली. मजुरांसाठी कल्याणकारी महामंडळही आले. ही झाली सुधारणा. ती हवीच, पण उचलीचा फास तिने सुटत नाही.

म्हणून मला ‘सुधारणा की बदल’ ही विभागणीच अपुरी वाटते. मालकी बदलूनही शोषण टिकते आणि निधी देऊनही टिकते. माझी कसोटी साधी आहे: साखळीतल्या शेवटच्या माणसाला काम नाकारण्याचे बळ आणि दर ठरवण्यात आवाज मिळाला का? तोडणी मजुराचे नाव थेट कारखान्याच्या हजेरीपटावर यावे, नवरा आणि बायको यांची मजुरी वेगवेगळी मोजली जावी, संचालक मंडळात त्यांचा प्रतिनिधी बसावा. अडचणीतले कारखाने हा भार कसा पेलतील, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण स्त्रीच्या पोटदुखीवर ज्याचा ताळेबंद जमतो, तो कारखाना सहकारी असो वा खासगी, नफ्यात आहे असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?