पुस्तक सर्वांचे केव्हा होते?

सोलापूरची चादर दूरदूरच्या घरांत पोहोचली आहे. मागावर राबून विणकराने ती विणली, म्हणजे तिचे मोल त्याला मिळाले पाहिजे, हे कोणासही पटते. दुकानातून कोणी चादर पळविली, तर फळीवरची जागा रिकामी दिसते आणि चोरी उघडकीस येते. ई-पुस्तकाचे तसे नाही. त्याची नक्कल क्षणात निघते व मूळ प्रत जागच्या जागी राहते. त्यामुळे आपण कोणाचे काही घेतले, असे नक्कल करणाऱ्याला वाटतच नाही. परंतु लेखकाचे श्रम तेथेही असतातच.

मग ज्याच्या हाती ई-रीडर आहे, पण पुस्तके विकत घेण्याइतके पैसे नाहीत, त्याने काय करावे? त्याच्यासाठी कायद्यानेच एक दार उघडे ठेवले आहे.

लेखकाचा आपल्या लेखनावर जो हक्क असतो, त्यास प्रताधिकार म्हणतात. हा हक्क कायमचा नसतो. १९५७ च्या भारतीय कायद्याने तो लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे मान्य केला होता. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले. तेव्हा १९९१ अखेर त्यांचे साहित्य खुले होणार होते. ते तसे होऊ नये, म्हणून मुदत वाढविण्याची मागणी झाली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ वर्षांची झाली. एका कवीसाठी साऱ्या देशाचा नियम बदलावा, ही गोष्ट मोठी नवलाची खरी!

वर्षे मोजताना मृत्यूचे वर्ष धरीत नाहीत. पुढील १ जानेवारीपासून मोजणी सुरू होते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी निवर्तले. १९५१ ते २०१० ही साठ वर्षे झाली आणि १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. बालकवी, हरिभाऊ आपटे, राम गणेश गडकरी यांचे साहित्य तर त्याच्या कितीतरी आधी मुक्त झाले. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या लावण्यांविषयी प्रश्नच उरत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० मधील, तिच्यावर आज कोणाचाही प्रताधिकार नाही. मात्र एखाद्या आधुनिक विद्वानाने तिचे सुबोध गद्य रूपांतर केले असेल, तर ते रूपांतर त्याचे असते. अनुवादालाही हाच न्याय लागतो. म्हणून पुस्तकाच्या नावावर न जाता आधी आतले पान उघडून लेखक, अनुवादक आणि साल पाहावे.

अशी मुक्त पुस्तके मराठी विकिस्रोतावर मिळतात. जुन्या ग्रंथाच्या पानाचे छायाचित्र एका बाजूस ठेवून स्वयंसेवक त्यावरील मजकूर शेजारी उतरवितात. न तपासलेले पान तांबड्या खुणेचे, एकदा तपासलेले पिवळ्या, तर दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासलेले हिरव्या. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सुधारण्यासाठी कोणीतरी अनोळखी माणूस रात्री जागलेला असतो, आणि त्यास मोबदला काहीच नसतो.

हयात लेखकही कधी आपण होऊन पुस्तक मोफत देतात. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने अशी पुस्तके वाचकांना देते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे कित्येक ग्रंथ व मराठी विश्वकोशही संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात.

पुस्तक उतरवून घेताना शक्यतो ईपब स्वरूपातील घ्यावे. पीडीएफचे पान छापील पानासारखे ठरलेले असते. ते ई-रीडरच्या लहान पडद्यावर मावविले, की अक्षरे बारीक होतात. ईपबमधील अक्षर मोठे केले, की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात.

आचार्य अत्रे १३ जून १९६९ रोजी वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांचा हिशेब वरील रीतीने केला, तर १ जानेवारी २०३० ही तारीख येते. तोवर ती वाचण्यासाठी वाचनालयाची पायरी चढावी, नाहीतर खाऊचे पैसे साठवावे.