एक बाई, पाच वाकळा

‘कुठवर आली गं माझी वाकळ?’

दुपारचा चहा हातात दिला की आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, हा प्रश्न विचारतात. रोज. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांनी अंधुक दिसतं. आणि मी रोज एकच उत्तर देते, ‘झालीच बघा आत्ती, थोडी राहिलीय.’ गेली दोन वर्षं ती थोडीच राहिलीय!

मैत्रिणींनो, तुम्ही जिला गोधडी म्हणता ती आमच्या पाटण-कराडकडे वाकळ. मी घरी ब्लाऊज, पिको-फॉल करते आणि त्याच्या जोडीला वाकळा शिवून देते. सोप्याला लागून एक खोली आहे, तिला घरात सगळे ‘मशीनची खोली’ म्हणतात. नाव मशीनचं, पण मशीन एका कोपऱ्यात आणि बाकी सगळीकडे गाठोडी. आज सकाळी मोजली तर अर्धवट वाकळा पाच. शेजारच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलंय, तिचं दुपटं. तुळशीच्या लग्नानंतर एक लग्न आहे, त्या मुलीच्या रुखवतातली वाकळ. एका आजींची जुनी विरलेली वाकळ, जिच्यावर नवं कापड चढवायचंय. मुंबईला राहणाऱ्या एका ताईंची, आणि पाचवी आत्तींची.

‘एक पुरी कर आणि मग दुसरी घे की,’ असं नवरा म्हणतो. ऐकायला बरं वाटतं. पण ज्यानं भात, आमटी आणि चपात्या एका वेळी तीन शेगड्यांवर कधी केल्या नाहीत, त्याला काय सांगणार?

आत्तींच्या काळात असं नव्हतं, हेही खरं. उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली, की सारवलेल्या सोप्यात एखादं नऊवारी लुगडं अंथरलं जायचं. चार कोपऱ्यांवर वरवंटा, दगड, पितळी तांब्या, जे मिळेल ते वजन. आणि मग चार बाजूंना चार जणी बसायच्या. थोरली जाऊ, धाकटी जाऊ, माहेरपणाला आलेली नणंद, शेजारीण. प्रत्येकीची एक बाजू. गप्पा, उखाळ्यापाखाळ्या, मध्येच एखादी ओवी, आणि आठवडाभरात वाकळ उठायची. आता माझ्या दोन्ही जावा मुंबईत, नणंद पुण्याला. आमच्या तालुक्यातली अर्धी घरं अशीच, सणाला भरणारी. गौरी-गणपतीला सगळे येतात, चार दिवस घर दणाणतं, पण तेव्हा सुई कोण हातात घेणार! पूर्वी एका वाकळेला चार बायका होत्या, आता एका बाईला पाच वाकळा. गणित उलटं झालंय, आणि तरी दोष माझ्या हाताला लागतो.

मात्र एवढ्या वर्षांत मला एक उमगलं. किती वाकळा हातात आहेत यापेक्षा त्या कुठल्या टप्प्यावर आहेत हे महत्त्वाचं. वाकळेत सगळ्यात नाजूक काम कुठलं, तर अंथरून टाचायचं. खाली एक साडी, मध्ये जुनी धोतरं, चादरीचे तुकडे, विरलेली लुगडी, वरती पुन्हा चांगली साडी. मधले थर ताणून, सुरकुती न ठेवता लावायचे आणि लांब लांब टाके घालून सगळं एकमेकांना धरून ठेवायचं. याला मोकळी जमीन लागते, दुसरं माणूस लागतं आणि सलग तीन-चार तास लागतात. मध्ये उठलात आणि मांजर फिरलं की संपलं. न टाचता गुंडाळून ठेवलीत तर आतलं कापड गोळा होतं, ते पुन्हा सारखं होत नाही. म्हणून माझ्याकडे जमिनीवर एकच. ती टाचून उचलल्याशिवाय दुसऱ्या गाठोड्याची गाठ सोडायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही गळ घालो. पैशाचंही तेच धोरण, टाचून झाली की अर्धे पैसे.

एकदा टाचली की मात्र वाकळ शहाण्या मुलीसारखी वागते. दहा मिनिटं मिळाली तर दहा मिनिटं, तासभर मिळाला तर तासभर. कडेपासून सुरू करायचं, धावदोऱ्याच्या चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे जायचं. सुई कुठं थांबली ते दिसतंच. आणि मग दोन-तीन वाकळा एकदम हातात असणं सोयीचंच पडतं, कारण दिवसाची प्रत्येक वेळ वेगळी असते. गडद रंगाची वाकळ रात्री ट्यूबखाली शिवता येत नाही, काळ्या कापडावर टाका दिसत नाही. ती दुपारी पडवीत, उजेडाला. फिकट रंगाची रात्री. आणि बाळाचं दुपटं सकाळी आंघोळ झाल्या झाल्या, हाताला हळद लागायच्या आत. फोडणी टाकून दुपट्याला हात लावलात तर पिवळं बोट उठलंच म्हणून समजा. मांडीवर मावणारं तेवढं एकच काम, त्यामुळे दवाखान्याच्या रांगेतही पुढं सरकतं.

कापड निवडतानाही घोळ असतोच. बाईनं दिलेल्या साड्यांत आता निम्म्या सिंथेटिक असतात. वरून रंग छान, टिकायलाही चिवट, पण सुई सटकते, घाम शोषत नाही आणि आत घातली तर वाकळ अंगावरून घसरत राहते. मी ती फार तर वरच्या बाजूला वापरते, आत सुतीच. पण सुती जुनेर आणायचं कुठून? एकतर नव्या पिढीत सुती नेसतंय कोण, आणि जी काही आहेत त्यांच्यावर बोहारणीचा डोळा. एका स्टीलच्या डब्यासाठी चार मऊसूत लुगडी देऊन टाकणाऱ्या बायका बघितल्या की माझा जीव जळतो. डबा बाजारात मिळतो हो, पंधरा वर्षं धुतलेलं सूत कुठं मिळतं?

आता एक चूक सांगते, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी अशीच तीन कामं एकदम चालू होती. रात्री लाईट गेली, मी सुई होती तिथंच खोचून उठले. दुसऱ्या दिवशी दुसरंच काम हातात घेतलं, नवी सुई ओवली. आठ दिवसांनी एक दुपटं पुरं करून दिलं. बाळाच्या आजीनं घडी घालताना हात फिरवला म्हणून, नाहीतर… दोऱ्याचं शेपूटही न उरलेली सुई तिच्या बोटाला लागली. ती बाई मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझ्या खोलीत सुया तीनच. लाल फ्लॅनेलच्या पट्टीवर टोचलेल्या. दिवा मालवण्याआधी तीन मोजायच्या, मगच झोपायचं. शिवाय बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलंय, वाकळ देण्याआधी ते दोन्ही अंगांनी फिरवायचं. घरात शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीनं हे करावं, विशेषतः एकापेक्षा जास्त कामं चालू असतील तर. प्रत्येक वाकळेची वेगळी पिशवी, तिच्यातच तिचा दोरा, आणि एक चिठ्ठी: कुणाची, कधी द्यायची, किती फेऱ्या झाल्या. मी पूर्वी सगळं डोक्यात ठेवायची. डोक्यात ठेवून एका लाल वाकळेच्या शेवटच्या फेऱ्या भलत्याच गुलाबी दोऱ्यानं शिवल्या, तेव्हा चिठ्ठ्या आल्या.

आणि पाऊस! आमच्या तालुक्यात वाकळेचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. वर कोयनानगर, नवजाकडे काही वर्षी पाच हजार मिलिमीटरचा आकडा ओलांडतो. पाटणात तेवढा नाही, तरी धुतलेलं जुनेर आठ आठ दिवस वाळत नाही. ओलसर कापड आत गेलं की वाकळेला कुबट वास धरतो, तो जन्मभर जात नाही. म्हणून धुणं, उसवणं, वाळवणं मृगाच्या आत. पावसाळ्यात फक्त शिवणं. आणि नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर धुवायला निघतात, तेव्हा फाटक्या वाकळा घेऊन बायका दारात उभ्या. ते दिवस आता आलेच.

बाहेरच्या देशांतही बायकांचं हेच दुखणं आहे म्हणे. अमेरिकेतल्या गोधडी शिवणाऱ्या अर्धवट कामांना ‘यूएफओ’ म्हणतात. आपल्याला यूएफओ म्हणजे उडती तबकडी माहीत, त्यांच्यात त्याचा अर्थ ‘पुऱ्या न झालेल्या वस्तू’. त्याच अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी घरच्यांच्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, थंडी भागवायला. त्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. मी हे आत्तींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘भितीवर लावली? मग पांघरत्यात काय?’

आत्तींना वाकळेची किंमत वेगळ्या कारणानं माहीत आहे. 11 डिसेंबर 1967. पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरं तर किती पडली. आत्ती तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. ‘भिती थरथराय लागल्या तशी समदी भाईर पळालो,’ त्या सांगतात. डिसेंबरची थंडी, उघडं खळं, आणि आत जायची कुणाची छाती नाही. उजाडल्यावर कुणीतरी दाराजवळ जे हाताला लागलं ते ओढून आणलं. ती होती त्यांच्या सासूबाईंची अर्धी वाकळ. कडेच्या चार फेऱ्या झालेल्या, मध्ये नुसते टाचणीचे लांब टाके. तीच पोरांवर घातली. पुढं किती तरी दिवस सगळे बाहेरच निजत होते, आणि दिवसा त्याच खळ्यावर बसून सासू-सुनेनं ती पुरी केली. रात्री पांघरायची, दिवसा शिवायची.

हे ऐकल्यापासून मी टाचून ठेवण्याबाबत इतकी काटेकोर झाले. टाचलेली वाकळ वेळेला अंगावर घेता येते, गाठोड्यातल्या चिंध्या नाही.

पण आत्तींची स्वतःची वाकळ? तिचं असं झालं, की ती कधीच कुणाच्या आड आली नाही. दुपट्याला बारशाची तारीख, रुखवताला लग्नाची. मुंबईच्या ताईंनी गावच्या यात्रेला आल्या तेव्हा त्यांच्या गेलेल्या आईच्या सात साड्या आणून दिल्या. पिशवी देताना म्हणाल्या, ‘कापू नका हं शक्यतो.’ त्यांचे अर्धे पैसेही आलेले. आत्तींच्या वाकळेला ना तारीख ना पैसे. घरचं काम, मग काय, ढकला पुढं. त्यांची पाच लुगडी, मामंजींची दोन धोतरं आणि एक पटका, एवढं सगळं त्यात आहे. दोन वर्षांत त्यांची नजर गेली. ज्या वाकळेवरचा हिरवा काठ त्यांनी स्वतः निवडून दिला, तो त्यांना आता दिसणार नाही.

गणपती गेल्यावर मी ती पिशवी काढली. आता रोज दुपारचा चहा झाला की पहिला तास तिचा, बाकीच्या चारही नंतर. आत्ती शेजारी बसतात आणि शिवलेल्या भागावरून बोटं फिरवत जातात. परवा एका जागी थांबल्या.

‘हितं टाकं लांब पडल्यात. ही रातची घातलीस न्हवं?’

खरंच रात्रीची होती, दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी रात्रीची. उसवू का, म्हटलं तर म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे. पुढं चल.’

मध्ये वीतभर राहिलंय. काल मुंबईच्या ताईंचा फोन आला, दसऱ्याला गावी येतोय, तेव्हा वाकळ घेऊन जाईन म्हणाल्या. मी म्हटलं, ‘ताई, दिवाळीत या.’