विश्लेषण : ड्रोन चेक-इन बॅगेत, बॅटऱ्या मात्र हातात! विमान प्रवासाचा हा नियम कशासाठी?

लग्नाचे चित्रीकरण करणारे व्यावसायिक, यूट्यूबर आणि हौशी पर्यटक यांच्या सामानात आता ड्रोन सर्रास दिसतो. मात्र विमानतळावर हेच सामान अनेकदा अडते. संपूर्ण किट चेक-इन बॅगेत टाकले, तर तपासणीत बॅटरी दिसते आणि बॅग उघडायला प्रवाशाला परत बोलावले जाते. काही जण उलट चूक करतात. ते सगळेच हँडबॅगेत ठेवतात आणि सुरक्षा तपासणीत ड्रोन अडवला जातो. या गोंधळाचे मूळ एकच आहे : ड्रोन आणि त्याची बॅटरी यांच्यासाठी नियम वेगवेगळे आहेत आणि विमानाच्या सुरक्षेच्या दृष्टीने खरा प्रश्न बॅटरीचा आहे.

बॅटरीचा धोका नेमका काय?

ड्रोनमध्ये लिथियम-आयन किंवा लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. कमी वजनात भरपूर ऊर्जा, हे तिचे वैशिष्ट्य. हवेत उचलायला मोटरना एकदम मोठा विद्युतप्रवाह लागतो, तो ही बॅटरी देते. पण तिच्या आतील द्रावण ज्वलनशील असते. आपटल्याने, जास्त चार्ज झाल्याने, उत्पादनातील दोषामुळे किंवा टर्मिनलना किल्ली-नाण्यासारखी धातूची वस्तू लागून शॉर्टसर्किट झाल्याने एखादा सेल तापू लागतो. एका मर्यादेनंतर सेलमधील रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करते, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगवान होते आणि शेजारचा सेलही पेटतो. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरून ज्वाळा विझवल्या तरी आतली उष्णता सहज थांबत नाही.

मग बॅटरी प्रवाशांजवळच का ठेवायची?

इतकी धोकादायक वस्तू प्रवाशांपासून लांब, विमानाच्या पोटात ठेवावी, असे कोणालाही वाटेल. नियम नेमका उलट आहे. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवायला मनाई आहे. त्या हातातील सामानातच न्याव्या लागतात.

केबिनमध्ये धूर दिसला किंवा वास आला, तर काही सेकंदांत लक्षात येते. कर्मचारी अग्निशामक वापरून ज्वाळा विझवतात आणि मग पाणी ओतून बॅटरी थंड करत राहतात. सामानाच्या कप्प्यात उड्डाणादरम्यान कोणी जाऊ शकत नाही. तिथे हॅलॉन वायू सोडणारी यंत्रणा असते. ती कपड्यांची, कागदाची आग दाबते, पण थर्मल रनअवे रोखण्याची तिची क्षमता मर्यादित आहे. म्हणजे बॅटरी केबिनमध्ये पेटणारच नाही असे नाही, पण पेटलीच तर तिच्यापर्यंत माणसाचा हात पोहोचला पाहिजे, हा या नियमाचा गाभा आहे.

याआधी काय घडले आहे?

३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून निघाल्यावर आग लागून कोसळले. दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. त्या विमानात ८० हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवण्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयकाओ) बंदी घातली.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसान येथील गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या उड्डाणाच्या तयारीतील विमानात, डोक्यावरील सामानाच्या कप्प्यात आग लागली. विमान जळाले, पण सर्व १७६ जण बाहेर पडू शकले. प्राथमिक तपासात पॉवर बँक हे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. त्यानंतर दक्षिण कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. बॅटरी केबिनमध्ये असणे पुरेसे नाही, ती नजरेसमोर असली पाहिजे, हा त्यातील धडा.

किती क्षमतेची बॅटरी चालते?

क्षमता वॅट-अवरमध्ये मोजली जाते. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी साधारणपणे वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. १०० ते १६० वॅट-अवरच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची पूर्वमंजुरी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या प्रवाशाला जास्तीत जास्त दोनच नेता येतात. १६० वॅट-अवरपेक्षा मोठी ड्रोन बॅटरी प्रवासी सामानातून नेता येत नाही, ना केबिनमध्ये, ना चेक-इनमध्ये.

हिशेब कसा करायचा?

बहुतेक बॅटऱ्यांवर हा आकडा छापलेला असतो. नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर हे साधे सूत्र आहे. क्षमता एमएएचमध्ये दिली असेल तर आधी तिला १,००० ने भागावे.

डीजेआय मिनी ३ प्रो : ७.३८ व्होल्ट, २,४५३ एमएएच. हिशेब सुमारे १८ वॅट-अवर. कोणतीही अडचण नाही.

डीजेआय मॅव्हिक ३ : १५.४ व्होल्ट, ५,००० एमएएच. हिशेब ७७ वॅट-अवर. हीसुद्धा मर्यादेत.

इथे एक गैरसमज हमखास होतो. मॅव्हिकच्या तीन बॅटऱ्या मिळून २३१ वॅट-अवर होतात, म्हणून त्या चालणार नाहीत, असे अनेकांना वाटते. पण मर्यादा प्रत्येक बॅटरीला स्वतंत्रपणे लागू होते, बेरजेला नाही. मात्र सुट्या बॅटऱ्यांच्या एकूण संख्येवर विमान कंपनी बंधन घालू शकते. त्यामुळे चार-पाच बॅटऱ्या नेणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. छापील आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत वाद होऊ शकतो. अशा वेळी उत्पादकाच्या माहितीपत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये असलेला बरा.

शेतीच्या ड्रोनचे काय?

फवारणीच्या ड्रोनची बॅटरी ही मर्यादा सहज ओलांडते. २२.२ व्होल्ट आणि १६,००० एमएएचची बॅटरी धरली तरी हिशेब ३५५ वॅट-अवरवर जातो. सर्वेक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या डीजेआय मॅट्रिस ३०० ची बॅटरीही २७४ वॅट-अवरची आहे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातील १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. प्रात्यक्षिकासाठी किंवा दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यात जाताना अशा बॅटऱ्या बॅगेत टाकून विमानतळ गाठला, तर त्या तिथेच सोडाव्या लागतील. त्या रस्तेमार्गे किंवा धोकादायक मालाची हाताळणी करणाऱ्या मालवाहतूक कंपनीमार्फत पाठवणे, हाच मार्ग आहे.

ड्रोन कुठे ठेवायचा?

बॅटरी काढलेला ड्रोन चेक-इन बॅगेत ठेवणे सर्वांत सोपे. भारतीय विमानतळांवर ड्रोन हँडबॅगेत असल्यास सुरक्षा तपासणीत अडवला जाण्याची शक्यता असते आणि विमान कंपन्यांचे धोरणही सारखे नाही. तिकीट काढण्याआधी कंपनीला ई-मेलने विचारून लेखी उत्तर सोबत ठेवल्यास काउंटरवरची हुज्जत टळते. रिमोटमध्येही लिथियम बॅटरी असते. त्यामुळे तो बंद करून हँडबॅगेत ठेवावा.

शेवटच्या क्षणी सर्वांत मोठी चूक कोणती?

कोल्हापूर, जळगाव, नांदेड अशा शहरांतून प्रवास करताना अनेकदा छोटे विमान असते. त्यातील कप्पे लहान असल्याने हँडबॅग ऐनवेळी विमानाच्या दाराशी घेऊन सामानाच्या कप्प्यात टाकली जाते. मोठ्या विमानातही गर्दी असली की हेच होते. सगळे नियम पाळून हँडबॅगेत ठेवलेल्या बॅटऱ्या अशा वेळी नकळत विमानाच्या पोटात जातात. म्हणून बॅटऱ्या वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवाव्यात. बॅग हातातून घेतली जात असेल, तर ती पिशवी आधी बाहेर काढावी आणि कर्मचाऱ्यांना तसे सांगावे.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी अजिबात नेऊ नये. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीत ऊर्जा जास्त, म्हणून आगीची तीव्रताही जास्त. त्यामुळे चार्ज निम्म्याहून कमी ठेवणे चांगले. टर्मिनलवर टोपी किंवा टेप लावावी, प्रत्येक बॅटरी स्वतंत्र पाऊचमध्ये ठेवावी. आगरोधक पाऊच उपयोगी आहे, पण त्यामुळे १६० वॅट-अवरची मर्यादा वाढत नाही. प्रवासात बॅटरी तापली, फुगली किंवा वास आला, तर लपवू नये. लगेच कर्मचाऱ्यांना बोलवावे. मोबाइल किंवा बॅटरी आसनाच्या फटीत अडकली तर आसन मागे-पुढे करू नये, दाबामुळे ती पेटू शकते.

पोहोचल्यावर ड्रोन उडवता येईल का?

सामानातून नेण्याची मुभा म्हणजे उडवण्याची परवानगी नव्हे. भारतात ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर तो परिसर हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे, हे पाहावे लागते. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंतच्या परिसरात निर्बंध अधिक कडक आहेत. परदेशातून ड्रोन विकत आणण्याचा विचार असेल, तर ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्याचे लक्षात ठेवावे. परदेशात नेतानाही त्या देशाचे नियम आधी पाहावेत. मोरोक्को, इजिप्तसारख्या देशांत परवानगीशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावरच जप्त होऊ शकतो. तिथे बॅटरी कितीही छोटी असली तरी उपयोग नाही.