बास अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती

बास गिटारचा ध्वनी मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाल्यास तो वादकाने स्वतः दुरुस्त करावा की तंत्रज्ञाकडे सोपवावा, हा प्रश्न खर्चापेक्षा सुरक्षिततेचा अधिक आहे. यंत्राची धातूची पेटी, म्हणजे चॅसी, न उघडता जे करता येते ते वादकाने करावे. त्यापुढील काम जाणकाराचे समजावे.

पेटीबाहेरचे दोष मात्र अनेक असतात. आवाज अधूनमधून तुटणे किंवा खरखरणे यामागे बहुधा केबल, मळलेले जॅक किंवा गिटारमधील संपत आलेली बॅटरी असते. ज्या यंत्रात बाह्य इफेक्ट्स जोडण्यासाठी ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक असतात, त्यात एक सोपी परीक्षा करता येते. हे दोन्ही जॅक आखूड केबलने एकमेकांना जोडावेत. गेलेला आवाज परत आला, तर दोष बहुधा ‘रिटर्न’ जॅकच्या आतील गंजलेल्या संपर्कपट्टीत असतो. तेथे संपर्क स्वच्छ करणारा फवारा पुरेसा ठरतो.

फ्यूज बदलताना त्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज वापरावा. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर आत दोष आहे असे समजून थांबावे. अधिक अँपिअरचा फ्यूज घालणे हे आगीला आमंत्रण आहे. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची प्रथा तर याहूनही घातक होय. तसे केल्यावर आत विद्युत्‌गळती झाली, तर चॅसी आणि तिला जोडलेल्या गिटारच्या तारा जिवंत होतात आणि प्रवाह वादकाच्या हातांतून वाहतो.

पेटीच्या आत खरा धोका संधारित्रांचा म्हणजे कपॅसिटरांचा असतो. प्लग काढल्यानंतरही त्यांत विद्युत्‌भार साठून राहू शकतो. तो निचरा करण्यासाठी बसवलेला रोधक निकामी झाला असेल, तर हा साठा बराच काळ टिकतो. फेंडर कंपनीच्या १९५२ सालच्या ‘बासमन’पासून प्रचलित झालेल्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत हा दाब शेकडो व्होल्ट असतो, १९६९ साली आलेल्या ३०० वॅटच्या अँपेग ‘एसव्हीटी’मध्ये तो ७०० व्होल्टच्या आसपास जातो. जाणकार योग्य रोधकातून हा भार काढतात आणि मल्टीमीटरने शून्य दाबाची खात्री करूनच हात घालतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणे ही पद्धत नव्हे. व्हॉल्व्हचे यंत्र स्पीकर न जोडता चालवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हेही चाचणी करताना विसरले जाते.

जुन्या यंत्रांचे सुटे भाग मोठे आणि डाखकामास सोयीचे असल्याने, प्रशिक्षण घेतलेल्या हौशी व्यक्तीला त्यांतील फुगलेले संधारित्र किंवा कंपनांनी तडकलेला डाख दुरुस्त करता येतो. अलीकडील वजनाला हलक्या ‘क्लास डी’ यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे भाग अतिसूक्ष्म असतात आणि २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यांच्या मुख्य संधारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट दाब असतो. सेवाकेंद्रेही पुष्कळदा भाग न दुरुस्त करता संपूर्ण मॉड्यूलच बदलतात. त्यामुळे यंत्र पाठवण्यापूर्वी मॉड्यूलची किंमत व उपलब्धता विचारून घेणे इष्ट असते. सोबत बिघाड केव्हा, किती वेळाने आणि कोणत्या आवाजपातळीवर होतो याची टीप दिल्यास तंत्रज्ञाचा शोध बराच आखूड होतो.