पन्नाशीतली पाटी

आमच्या वाड्याच्या माळ्यावर एक शिसवी पेटी होती. १९७२ साली लग्न होऊन मी दांडिया बाजारातल्या या घरात आले, तेव्हा ती जिथे होती तिथेच १९९९ च्या पावसाळ्यापर्यंत होती. त्या वर्षी कौले उतरवून छप्पर दुरुस्त करायचे ठरले आणि पेटी खाली आली. आत लाल खारव्याच्या रुमालांत बांधलेली जुनी कागदपत्रे. सगळी मोडीत. घरातल्या एकालाही एक ओळ लागेना. गायकवाडांबरोबर या मुलखात आलेले आमचे घराणे. सणावारी पूर्वजांच्या कर्तबगारीच्या गोष्टी सांगणारे. पण त्याच पूर्वजांचे हस्ताक्षर समोर आले, तर आम्ही सगळे निरक्षर!

"रद्दीवाल्याला बोलाव," असे ह्यांनी सांगितले. तो आलाही. तराजूत पहिला रुमाल ठेवला आणि मला काय झाले कोण जाणे, मी म्हटले, "आज राहू द्या."

तेव्हा मला एकोणपन्नासावे सरून पन्नासावे लागले होते. मुलीचे लग्न झालेले, मुलगा शिकायला परगावी. सकाळचे अकरा वाजले की घर शांत व्हायचे आणि त्या शांततेत काय करायचे ते मला समजत नसे. लग्नापूर्वी मी कॉलेजचे पहिले वर्ष केले होते. पुढचे राहिले ते राहिलेच. त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नव्हती. पण तक्रार नसणे म्हणजे समाधान असणे नव्हे, हे अकरा वाजल्यानंतरच्या त्या शांततेत कळू लागले होते.

घडियाळी पोळीत एक वृद्ध गृहस्थ राहत. सारा जन्म जुन्या दफ्तरांच्या सहवासात गेलेला. ते आठवड्यातून तीन दिवस दुपारी मोडी शिकवतात, असे कुणीतरी सांगितले. मी गेले. ओटीवर इतिहास शिकणारी चार-पाच मुले-मुली बसली होती. मी दारात चपला काढल्या तशी एक मुलगी चटकन उठली आणि म्हणाली, "काकू, आजी आत आहेत." मी घरात कुणाला तरी भेटायला आले असेन, असेच तिला वाटले. विद्यार्थिनी म्हणून आले आहे, हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की मला दोनदा सांगावे लागले.

काकांनी माझ्यापुढे दगडी पाटी ठेवली. म्हणाले, "वहिनी, वही नको. वहीत चूक जपून ठेवली जाते. पाटीवर पुसता येते."

मोडीचा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाळबोधीत आपण आधी अक्षर काढतो आणि मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवत जायचे, शक्यतो हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. दोन शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. कुठे शब्द संपला आणि कुठे वाक्य, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. म्हणजे अर्थ कळल्याशिवाय शब्द तुटत नाहीत आणि शब्द तुटल्याशिवाय अर्थ कळत नाही! मुले आठवड्याभरात वळणे गिरवू लागली. माझा हात मात्र वळेना. चाळीस वर्षे बाळबोधीला सरावलेला हात तो. 'ल' काढताना काकांनी माझी पाटी तिसऱ्यांदा पुसली आणि शेजारची मुलगी हसू दाबून खाली पाहू लागली, तेव्हा माझे कान तापले. ज्या मुलीच्या लग्नात मी मानाने ओटी भरायला गेले असते, तिच्यासमोर मी ढ ठरले होते.

घरी येऊन मी पाटी देवघराच्या फळीमागे ठेवली. लपवलीच, खरे म्हणजे. सासूबाईंना (आम्ही त्यांना माई म्हणत असू) ती दिसली. ऐंशीला टेकलेल्या होत्या, पण नजर शाबूत. "नातवंडं खेळवायच्या वयात पाटी घेऊन बसायचं? लोक काय म्हणतील?" एवढेच म्हणाल्या. ह्यांनी तर काहीच म्हटले नाही. आणि ते अधिक जड गेले.

त्याच आठवड्यात एका मैत्रिणीने पार्वतीबाई आठवल्यांचे 'माझी कहाणी' वाचायला दिले. पुस्तक १९२८ सालचे. देवरूखला १८७० साली जन्मलेल्या, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि विसाव्या वर्षी पदरी एक मुलगा घेऊन विधवा झालेल्या बाईची ती हकिगत. धाकटी म्हणा, थोरली म्हणा, बहिणीची साथ माणसाला कुठे नेते पाहा: पार्वतीबाईंची बहीण पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकली आणि १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. स्वतः पार्वतीबाईंनी पुनर्विवाहाचा मार्ग धरला नाही. त्यांनी पाटी धरली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्या काळी सव्विसावे म्हणजे आजची पन्नाशीच. पुढे त्या शिक्षिका झाल्या. हिंगण्याच्या आश्रमाचा कारभार त्यांनी सांभाळला, संस्थेसाठी गावोगाव हिंडून निधी जमवला.

इथपर्यंतची कहाणी अनेकांना माहीत असते. मला हलवले ते त्यापुढच्या भागाने. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ही बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला निघाली. हिंगण्यात जिला सगळे 'बाई' म्हणून मान देत, जिच्या शब्दावर आश्रम चाले, तिने परमुलखात परक्यांच्या घरी घरकाम केले, भांडी घासली आणि त्यावर पोट भरून भाषा शिकण्याची धडपड केली. १९२० साली ती परतली आणि पुन्हा कामाला लागली.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसले. आतापर्यंत माझी समजूत होती की उतारवयात नवे शिकायला स्मरणशक्ती कमी पडते, हात वळत नाही, डोळे शिणतात. ते सगळे खरेच आहे. पण अडते ते तिथे नाही. वय वाढते तसा माणसाला मान मिळतो. बायकांना तर तरुणपणी मिळत नाही तेवढा चाळिशीनंतर मिळू लागतो. थोरली जाऊ, मामी, विहीणबाई, पंक्तीत पहिले पान. जन्मभर वाट पाहून मिळालेली ही एकच मिळकत. आणि नवे शिकायचे तर पहिल्या दिवशी तीच चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी लागते. पार्वतीबाईंनी ती समुद्रापलीकडे जाऊन काढून ठेवली. मला घडियाळी पोळीपर्यंत जाणे जड जात होते!

लक्ष्मीबाई टिळकांचेही असेच नाही का? १९१९ साली रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. ज्या कवीची पत्नी म्हणून जग त्यांना ओळखत होते, त्या कवीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. आणि १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' निघू लागली. रमाबाई रानड्यांना तरुणपणी अभ्यासापायी घरातल्याच बायकांचे टोमणे सोसावे लागले होते. १९०१ साली न्यायमूर्ती गेले तेव्हा त्या चाळिशीच्या आत होत्या. घराच्या कोपऱ्यात बसून जन्म काढला असता, तर समाजाने त्यांना देवी म्हटले असते. त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि बायकांना शिक्षिका, परिचारिका होण्याची वाट दाखवली.

असो. ही मोठी माणसे. मी माझ्या पाटीकडे वळते.

सहा महिन्यांनी मायने लागू लागले. वर्षभराने पत्रे लागू लागली. मग एके दुपारी मी पेटीतली ह्यांच्या आजोबांची रोजकीर्द उघडली. भाजी, तेल, धोबी, देवाच्या फुलांचा खर्च. १९१४ च्या पानांवर ज्येष्ठात एक ओळ आली. मी ती तीनदा वाचली. 'आक्कास पाटी व पेन्सली, दोन आणे.' त्याच महिन्याच्या शेवटी, 'बाईंस आक्काचे शिकवणीबद्दल, एक रुपया.' मग आषाढात एक रुपया. श्रावणात एक रुपया. फाल्गुनापर्यंत असे दहा महिने. आणि चैत्रात, 'आक्कास हरिविजयाची पोथी.'

आक्का म्हणजे आजोबांची बालविधवा बहीण. १९१४ साली त्यांचे वय बेचाळीस. त्यांच्याविषयी घरात एकच गोष्ट सांगितली जाई आणि ती हसण्यासाठी सांगितली जाई. आक्कांना अक्षरओळख नव्हती, पण रोज दुपारी पोथी उघडून तासभर बसायच्या. ओठ हलायचे, पाने उलटायची. नुसते सोंग! माई या घरात आल्या तेव्हा तरुण सुनांनी मिळून एकदा त्यांच्या हाती पोथी मुद्दाम उलटी दिली होती. आक्कांनी काही न बोलता ती सुलटी केली. "पहिल्या पानावर कृष्णाचं चित्र होतं ना, त्यावरून कळलं असेल," असे म्हणून सगळ्याजणी पदराआड हसल्या होत्या.

आमच्या या बडोद्यात महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० नंतर गावोगाव वाचनालये निघू लागली. १९१४ साली, म्हणजे आक्कांच्या हाती पाटी आली त्याच वर्षी, महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय सुरू झाले. असे हे नगर. आणि अशा नगरात बेचाळीस वर्षांच्या एका बाईला आपण वाचायला शिकलो हे सांगण्याची लाज वाटली. माहीत होते ते फक्त हिशेब लिहिणाऱ्या भावाला, आणि त्याने ते मोडीत लिहून ठेवले. पुढच्यांना मोडी येईनाशी झाली आणि आक्का पुन्हा निरक्षर झाल्या.

मी कीर्द घेऊन माईंपाशी गेले आणि एकेक महिना वाचून दाखवला. चैत्राची ओळ वाचली तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही हसत होतो, तेव्हा त्या वाचत होत्या."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "आम्हाला कधी सांगितलं नाही गं त्यांनी."

मी गप्प राहिले. सांगितले असते तर काय झाले असते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी रुमाल बांधून चहा करायला उठले, तर माई भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे निघालेल्या. "तू बस. दुपारचा चहा मी करते." पुढे अंथरूण धरीपर्यंत, दोन-अडीच वर्षे, दुपारचा चहा त्यांनीच केला. कधी साखर विसरायच्या. आम्ही कुणी बोललो नाही.

त्यानंतर लोक आपापले रुमाल घेऊन येऊ लागले. कुणाचे इनामाचे कागद, कुणाचे वाटणीपत्र, कुणाची नुसती लग्नाची यादी. पहिल्या परक्या कामाचे एका गृहस्थांनी शंभर रुपये पुढे केले, तेव्हा मी संकोचून नको म्हटले. काका रागावले. "वहिनी, फुकट वाचलंत तर हौस म्हणतील. पैसे घेतलेत तर काम म्हणतील." मी घेतले. ह्यांनी ती नोट हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि देवापुढे ठेवली. इतक्या दिवसांची त्यांची ती पहिली दाद.

आता मी पंचाहत्तरीत आहे. काका नाहीत, ह्यांनाही जाऊन काही वर्षे झाली. मोडीचा वर्ग आमच्याच ओटीवर भरतो आणि पहिले सहा महिने पाटी सोडून वही धरायची नाही, हा काकांचा नियम मी मोडलेला नाही. या वर्षी एक बावन्न वर्षांच्या बाई विचारायला आल्या. चांगल्या घरातल्या, सुनांच्या सासूबाई. सगळे विचारून झाल्यावर जाता जाता हळूच म्हणाल्या, "मी मागच्या दाराने आले तर चालेल का? आमच्या पोळीतली मुलं असतात इथे."

शंभराहून अधिक वर्षे झाली आक्कांच्या पाटीला! मी त्यांना आत नेले, रोजकीर्द काढली आणि ज्येष्ठातली ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. म्हटले, "या. पण पुढच्या दाराने."

त्या सोमवारी आल्या. पुढच्या दाराने आल्या. पाटी होती, पदराखाली. मी काही बोलले नाही. पहिला महिना तसाच जातो, हे मला माहीत आहे.